उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर जाताना टायरमधली हवा कमी ठेवावी का?

तुम्ही विचारलंय की गाडीच्या दारावर टायरच्या हवेचा दाब 33 पीएसआय (दाब मोजायचं एकक) लिहिलंय, पण पंपावरचा मुलगा म्हणतो, "समृद्धीवर टायर तापून फुटतात, 28 ठेवा." मे महिना, पाच माणसं आणि डिकी भरून सामान, तर कोणाचं ऐकायचं?

दाराचं ऐका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर जो स्टिकर दिसतो, त्यावर बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी वेगळा, दोन-तीनने जास्त आकडा असतो. तुमच्या गाडीला असेल तर 33 ऐवजी तो ठेवा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा आकडा नव्हे.

हवा तापली की दाब वाढतो, एवढं त्या मुलाचं खरं आहे. किती वाढतो ते बघा. पहाटे 25 अंशांत 33 भरली आणि दुपारी पारा 43 वर गेला, तर नुसत्या हवामानाने साधारण 3 पीएसआय वाढतात. गाडी पळून टायर तापतो त्याचे आणखी चार-पाच. झाले 40-41. धडधाकट टायरला हे काहीच नाही. कंपनी जो आकडा देते तो थंड टायरचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते.

टायर मरतो तो कमी हवेने. 15 इंची रिमचा साधा टायर एका फेऱ्यात 1.95 मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ताशी 120 ला सेकंदाला 17 फेरे. प्रत्येक फेऱ्यात टायरच्या बाजूचा प्रत्येक भाग जमिनीशी आला की दबतो आणि सुटतो, तासाला साठ हजारांहून जास्त वेळा. तार वाकवत राहिलं की ती मोडायच्या जागी गरम लागते, तसंच इथे होतं. हवा 33 ऐवजी 28 असेल तर बाजू जास्त दबते, जास्त तापते, आणि रबर व आतल्या स्टीलच्या पट्ट्या यांची पकड सुटायला लागते. मग एक तर वरची नक्षी सोलून निघते, नाहीतर बाजू फाटते. आवाज स्फोटाचा येतो म्हणून लोकांना वाटतं, हवा जास्त झाली.

समृद्धीच्या काँक्रीटच्या रस्त्यालाही टायर फुटण्यावरून फार शिव्या पडतात. माझ्या मते रस्त्यापेक्षा सलग वेग कारणीभूत आहे. शहरात सिग्नल, खड्डे, गर्दी यांमुळे टायरला थंड व्हायला वेळ मिळतो. 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर तो मिळत नाही, त्यामुळे गावात वर्षभर लपून राहिलेला दोष तिथे दोन तासांत बाहेर येतो.

हवा सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना तपासा. पंप दोन किलोमीटरच्या आत असेल तर तिथे चालेल. दाब मोजायचा स्वतःचा काटा घ्या, पंपावरच्या मशीनचा भरवसा नसतो. वाटेत गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका. तिथे 39 दिसले म्हणून सहा कमी केलेत, तर रात्री थंड झाल्यावर 27-28 उरतात. चारपैकी तीन टायर 39 आणि एक 34 दाखवत असेल तर त्या एकात खिळा आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की कळतं.

साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हेही विचारलंत. आपल्या साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध भरला तर ओल नसते, गळती थोडी कमी, बस. तापल्यावर दाब त्याचाही वाढतो. फुकट मिळाला तर घ्या.

हवेइतकंच टायर बघणं महत्त्वाचं. खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या 1.6 मिलिमीटरवर. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसात महामार्गावर जायचं तर मी 3 मिलिमीटरलाच बदला म्हणेन. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलीय. बाजूवरून हात फिरवा. लिंबाएवढा फुगवटा लागला तर खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत. तो टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका, दुरुस्तीही होत नाही. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वय सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पूर्ण कोड कधी कधी आतल्या बाजूलाच असतो, वाकून बघावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा, नक्षी शाबूत असली तरी.

ट्यूबलेसचा एक धोका फार जणांच्या लक्षात येत नाही. खिळा घुसूनही गाडी चालत राहते आणि हवा 15 वर आलेली कळत नाही. असा टायर पळवला असेल तर पंक्चर काढताना तो रिमवरून उतरवायला लावा. आत काळी रबराची भुकटी किंवा बाजूला गोल घासलेली रेघ दिसली, तर पंक्चर निघालं तरी टायर बाद. बाहेरून दोरी खुपसून देणारा हे बघूच शकत नाही.

स्टेपनीची हवा आत्ताच बघा. ती मूळ टायरपेक्षा लहान असेल तर तिच्यावरचा आकडा आणि वेगाची मर्यादा वाचा, बहुतेकदा 80 असते.

आणि फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळू सोडा, वेग उतरला की डाव्या कडेला घ्या. सगळ्यांना डावीकडच्या दारांनी उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, मग मागे लांबवर त्रिकोण लावा. टायर बदलायची बाजू रहदारीकडची असेल तर स्वतः बसू नका, हेल्पलाइनला फोन करा.