केस रंगवले आणि लोक विचारू लागले, ‘तू मूळची कुठली?’

‘केसांचा रंग बदलला तर मी माझ्या माणसांतली वाटणार नाही का?’ हा प्रश्न समुपदेशन करताना अलीकडे वरचेवर कानावर येतो. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, परदेशात स्थायिक झालेले असतात, आईवडील दोन वेगळ्या वंशांचे असलेली मंडळीही असतात. काहींना परकं दिसण्याची धास्ती असते. काहींना नेमकं तेच हवं असतं, पण ते कबूल करणं जड जातं. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एकीची गोष्ट सांगते.

वय पंचविशीच्या आतबाहेर. काळेभोर केस उजळवून तिने फिकट सोनेरी करून घेतले होते. तेव्हापासून अनोळखी माणसं तिच्याशी भलत्याच भाषेत बोलायला सुरुवात करत. ‘तू मूळची कुठली?’ असं तिला त्याआधी कधी कुणी विचारलं नव्हतं. घरून शेरा आला, ‘आता आपल्यातली वाटतच नाहीस.’ तिची झोप उडाली होती.

‘मॅडम, एवढ्याशा रंगाने माणूस बदलतो का?’

‘माणूस नाही बदलत. बघणाऱ्याचा अंदाज बदलतो.’

हा अंदाज किती पटकन फिरतो, हे तिला समजावून सांगणं गरजेचं होतं. मॅकलिन आणि मॅलपास या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोणत्या वंशाचा म्हणावा याबद्दल संभ्रम पडेल असा चेहरा घेतला आणि फक्त केस बदलले. तोच चेहरा बघणाऱ्यांनी वेगळ्या वंशाचा ठरवला. हॉलिवूडला तर हे फार आधीपासून ठाऊक होतं. रिटा हेवर्थ मूळची मार्गारिटा कान्सिनो, स्पॅनिश वडिलांची मुलगी. तिचे काळे केस तांबूस केले, कपाळावरची केसांची रेषा मागे नेली, आडनाव बदललं आणि प्रेक्षकांपुढे एक ‘अमेरिकन’ नायिका उभी केली. उलट सॉलोमन बेटांवर गडद वर्णाच्या कितीतरी मुलांचे केस जन्मतःच सोनेरी असतात. त्यामागे त्या भागातल्या लोकांतच आढळणारा जनुकीय बदल आहे, हे 2012 मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे केसांवरून वंश ओळखण्याची आपली सवय मुळातच कच्ची.

तिला हे पटलं, पण चेहऱ्यावरचा ताण उतरला नाही. नुसत्या माहितीने सुटेल असा हा गुंता नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. घरच्यांचा शेरा ती एका वाक्यात उरकायची, अनोळखी लोकांचे प्रश्न मात्र रंगवून सांगायची. कोण, कुठे, कसं बघत होतं, सगळं. सांगताना कानाजवळची बट बोटाला गुंडाळायची. त्या बटेच्या मुळाशी बोटभर काळा केस उगवून आला होता. मी विचारलं, ‘घरचे बोलले तेव्हा वाईट वाटलं. अनोळखी माणसाने विचारलं तेव्हा काय वाटलं?’

बोट थांबलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘आवडलं.’ आणि रडू लागली. ‘केस काळे होते तेव्हा सगळ्यांना आधी माझा काळा वर्णच दिसायचा. आता आधी केस दिसतात. पण हे आवडणं म्हणजे मला माझ्या माणसांची लाज वाटते, असंच ना?’

अशा क्षणासाठीच मी या कामात आहे. ती भीतीचं नाव घेऊन आली होती, आत होता तो अपराधीपणा. योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला, तर समोरचं माणूस आपली गाठ स्वतःच दाखवतं, हा माझा आजवरचा अनुभव.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला त्यांनी शिकवलं. ‘वेगळं दिसावंसं वाटतं’ ही इच्छा आहे, तिच्यात गैर काही नाही. ‘वेगळी दिसले तर मी आपल्यांशी बेइमान ठरते’ हा स्वतःवर सोडलेला हुकूम. ‘प्रत्येकाने मला बघताक्षणी बरोबर ओळखलंच पाहिजे’ हा जगावर सोडलेला. दोन्ही हुकूम आम्ही एकेक करून तपासले.

‘तुझी भाषा, तुझी माणसं, तुझ्या आठवणी. यातलं केसांबरोबर काय उजळलं?’

‘काहीच नाही.’

‘आणि वर्णाबद्दलचं दुखणं?’

‘तेही नाही गेलं. फक्त झाकलं गेलं.’

पुढची बरीच सत्रं त्या दुखण्यावर गेली. केसांचा विषय मागे पडला.

म्हणून रंग लावायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा, ‘मला कसं दिसायचंय, की मला कसं दिसायचं नाहीये?’ दुसरं उत्तर आलं, तरी रंग लावायला हरकत नाही. मात्र त्या ‘नाहीये’बद्दल कुणाशी तरी मोकळेपणी बोला, ते रंगाने पुसलं जात नाही. शंका असेल तर आधी विग लावून चार लोकांत फिरून या. गडद केस उजळताना तांबूस, मग नारिंगी, मग पिवळ्या टप्प्यातून जातात आणि भुवया काळ्याच राहतात, त्यामुळे चेहरा अपेक्षेपेक्षा वेगळा वाटू शकतो. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मुळं लवकरच डोकावणार. रंगाची ॲलर्जी गंभीर असू शकते. आधी त्वचेवर थोडा लावून 48 तास वाट बघा.

घरच्यांनो, ‘रंग आवडला नाही’ असं खुशाल म्हणा. ‘आपल्यातली वाटत नाहीस’ हे म्हणू नका. पहिलं वाक्य केसांबद्दलचं आहे, दुसऱ्याने मुलीला घराबाहेर उभं केल्यासारखं होतं.

तिने केस पुन्हा काळे केले का, असं मला हमखास विचारतात. नाही केले. पुढच्या वेळी दोन छटा गडद रंग निवडला, कारण आधीचा भुवयांशी जुळत नव्हता. ‘कुठली?’ असं कुणी विचारलं, तर आता ती सरळ सांगते, आणि समोरच्याला खरं वाटलं नाही तरी पुन्हा पटवत बसत नाही.