सांधा आधी कडेत जमतो : घरच्या अ‍ॅक्रिलिक टाकीविषयी वाचकांचे प्रश्न

अ‍ॅक्रिलिकची मत्स्यटाकी घरी बनवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सांध्यांबद्दल होती. म्हणून या वेळी जागा त्यांनाच जास्त दिली आहे.

प्रश्न : मला ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच भिंतींची टाकी करायची आहे. शीट किती जाड घ्यावे? विक्रेते ‘कास्ट’ आणि ‘एक्स्ट्रुडेड’ असे दोन प्रकार सांगतात. फरक पडतो का?

खूप पडतो. टाकीसाठी कास्ट, म्हणजे ओतून घडवलेले, शीटच घ्या. एक्स्ट्रुडेड शीट साच्यातून दाबून काढलेले असते, त्यामुळे त्यात ताण अडकून राहतो. सांधे जोडणारा सॉल्व्हंट (अ‍ॅक्रिलिक विरघळवणारा द्रव) लागला की तो ताण केसासारख्या भेगांच्या रूपाने बाहेर येतो. शिवाय करवतीखाली ते लवकर वितळते आणि पात्याला चिकटते.

जाडी ठरवताना टाकीत किती लिटर पाणी मावते हे पाहू नका, पाण्याची उंची पाहा, कारण दाब उंचीवर ठरतो. तुमच्या टाकीत काठोकाठ सुमारे १६८ लिटर पाणी मावेल आणि पुढच्या भिंतीवर जवळजवळ ९० किलो वजनाइतका जोर येईल. १० मिमीचे शीट तो पेलते, पण आम्ही १२ मिमी सुचवू. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून १२ मिमीचे शीट १० मिमीपेक्षा जवळपास पावणेदोन पट ताठ असते. फुगवटा त्याच प्रमाणात कमी होतो आणि सांध्यांवरचा ताणही हलका होतो.

शीटवर १२ मिमी लिहिले असले तरी व्हर्नियर लावून चारही बाजूंनी मोजा. कास्ट शीटची जाडी जागोजागी थोडी बदलते. समजा ती ११.६ मिमी भरली. पुढची-मागची भिंत ९०० मिमी आणि बाजूच्या भिंती त्यांच्या मधे बसणार असतील, तर बाजूच्या भिंतीची रुंदी ४५० उणे २३.२, म्हणजे ४२६.८ मिमी येते. हिशेब कागदावरच्या १२ मिमीवर केला तर भिंतींचा चौकोन गुण्यात (काटकोनात) बसणार नाही. चारही भिंती एकाच शीटमधून काढा आणि त्यांची उंची करवतीची पट्टी न हलवता सलग कापा. तळ मात्र चारही बाजूंनी २ मिमी मोठा ठेवा. तो जोडून झाल्यावर राउटरने (फिरत्या पात्याने कड तासणाऱ्या यंत्राने) भिंतीच्या बरोबरीने छाटता येतो.

प्रश्न : कापलेल्या कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून अगदी गुळगुळीत केल्या, तरी सांध्यात चंदेरी ठिपके राहिले. सॉल्व्हंट कमी पडला का?

सॉल्व्हंट पुरेसा होता, कड सपाट नव्हती. अ‍ॅक्रिलिकचा सॉल्व्हंट डिंकासारखा काम करत नाही. तो पाण्याइतका पातळ असतो, दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो आणि उडून जातो. मागे उरते ते अ‍ॅक्रिलिकच, एकजीव झालेले. फट भरण्याचे काम त्याला जमत नाही. जिथे दोन पृष्ठभाग टेकलेच नाहीत तिथे हवा राहते, आणि तीच तुम्हाला चंदेरी ठिपक्यांच्या रूपात दिसते.

हाताने घासताना कागद कडेच्या दोन्ही कोपऱ्यांवर थोडा जास्त दाबला जातो. कड मधे उंच आणि बाजूंना गोल होते. बोटाला ती गुळगुळीत लागते, पण टेकते फक्त मधली रेघ.

कड राउटरनेच करा. कार्बाइडचे सरळ दोन धारांचे पाते आणि एक अगदी सरळ पट्टी लागेल. करवतीच्या कापानंतर अर्धा ते एक मिमी माल राउटरने काढून टाकायचा. राउटर एकसारख्या चालीने न थांबता न्या. एका जागी थांबलात तर कड वितळते आणि तिथे नंतर भेगा पडतात. चांगली कड दिसायला धुरकट काचेसारखी असते, तिच्यावर पात्याच्या लाटा दिसत नाहीत आणि दोन्ही कोपरे नखाला टोकदार लागतात. ज्योतीने चमकवलेली कड कितीही सुंदर दिसली तरी सांध्यासाठी वापरू नका. ज्योतीने पृष्ठभागात ताण भरतो.

जोडण्याआधी तुकडा कोरडाच तळाच्या शीटवर उभा करा आणि मागे दिवा धरा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली किंवा पातळ कागदाची पट्टी कुठे आत सरकली, तर पुन्हा राउटर. या तपासणीत गेलेला एक तास पुढची सगळी दुरुस्ती वाचवतो.

प्रश्न : सॉल्व्हंट सुईने सोडायची नेमकी रीत सांगाल का? दाबून धरायला शिकंजे किती लागतात?

शिकंजे नकोतच. घट्ट आवळले की विरघळलेला थर बाहेर पिळला जातो आणि सांधा कोरडा पडतो. भिंतीचे स्वतःचे वजन आणि वर सारखे पसरलेले एक-दोन किलो पुरेसे असतात.

मागची भिंत सपाट टेबलावर आडवी ठेवा. सांध्याजवळचा संरक्षक कागद तीन सेंमी मागे सोला. सगळा काढू नका, पण सांध्याला चिकटूनही राहू देऊ नका, कारण सॉल्व्हंट कागदाखाली शिरला की डाग कायमचा. कागद सोलताना स्थिर विद्युत तयार होऊन धूळ ओढली जाते, म्हणून ओलसर फडक्याने पुसून पूर्ण सुकू द्या. आता बाजूची भिंत तिच्यावर उभी करा, गुण्या लावा आणि आधाराला लाकडी ठोकळे ठेवा.

मग तिच्या कडेखाली ०.३ मिमीच्या आसपासची बारीक तार दर पाच-सहा सेंमीवर सरकवा. या तारांमुळे फट सगळीकडे एकसारखी राहते. बारीक सुईच्या बाटलीने आतल्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता सॉल्व्हंट सोडा. तो आपोआप आत ओढला जातो आणि कडेची रेघ पुढे पुढे पारदर्शक होत जाताना दिसते. कुठे पांढरी राहिली तर तिथे बाहेरून थोडा द्या. १२ मिमीच्या शीटला ४५ ते ६० सेकंद थांबा आणि तारा ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने ओढून काढा. भिंत किंचित खाली बसते, सांध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ओघळ येतो. तो आला की सांधा भरला असे समजा.

थेंब शीटच्या दर्शनी बाजूवर पडला तर पुसू नका. उडून जाऊ द्या. पुसलेला थेंब बोटभर डाग करतो, न पुसलेला टिकलीएवढा.

त्यानंतर काही तास हात लावू नका आणि पुढचा सांधा दुसऱ्या दिवशी करा. क्रम असा : बाजूच्या दोन्ही भिंती मागच्या भिंतीवर, मग सगळे उलटून पुढच्या भिंतीवर, नंतर तळ आणि शेवटी भिंतींच्या वरच्या काठाला जोडायची चौकट. हवा दमट असेल तर काम पुढे ढकला. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि सांधा दुधाळ होतो. फार उकाड्यात तो तारा काढायच्या आतच उडतो.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा काचेच्या टाकीसारखा सिलिकॉन का वापरू नये?

काचेतल्या सिलिकाशी सिलिकॉनचे रासायनिक बंध जुळतात, अ‍ॅक्रिलिकशी जुळत नाहीत. वर्ष-सहा महिन्यांत तो नखाने सोलून निघतो. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा जास्त वाकते, म्हणून सुटायला आणखी मदतच होते. इन्स्टंट ग्लूही नको, त्याने भेगा पडतात.

प्रश्न : घरात लहान मुले आहेत. या सॉल्व्हंटची वाफ कितपत घातक?

निष्काळजीपणा चालणार नाही इतपत. वेल्ड-ऑन ४ सारख्या सॉल्व्हंटमध्ये डायक्लोरोमिथेन असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे खोलीच्या तापमानालाही भरभर उडते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठते, आणि शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मुले आणि पाळीव प्राणी त्या भागात नकोत. काम उघड्यावर किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून, पंख्याचा झोत तुमच्याकडून बाहेर जाईल असा ठेवून करा. झोत थेट सांध्यावर मात्र नको. नायट्राइलचे हातमोजे काही मिनिटांतच झिरपतात, ओले झाले की लगेच बदला. जवळ ज्योत किंवा तापलेली वस्तू ठेवू नका.

साठाही मोठा लागत नाही. वरच्या मापाच्या टाकीत सुमारे सात मीटर सांधा होतो. १२ मिमी रुंदी आणि ०.३ मिमी फट धरली तर २५ मिली. सांडलवंड दुप्पट धरली तरी १०० मिलीची बाटली उरते.

प्रश्न : वरची चौकट टाळता येईल का? टाकी उघडी जास्त छान दिसते.

नाही. तिच्याविना भिंतींचा वरचा काठ मधे बाहेर झुकतो आणि सगळा ताण उभ्या सांध्यांवर येतो. सात-आठ सेंमी रुंदीची चौकट एकाच अखंड शीटमधून कापा. चार पट्ट्या जोडून केलेली कोपऱ्यातच सुटते. आतले कोपरे किमान तीन सेंमी त्रिज्येने गोल हवेत, काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. कोपऱ्यात आधी होल-सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) भोके पाडा आणि ती करवतीने जोडा. टाकी १२० सेंमीच्या पुढे गेली तर मधे एक आडवी पट्टीही सोडा.

प्रश्न : टाकी भरून दहा दिवस झाले. पुढची भिंत मधोमध २ मिमी बाहेर आली आहे. शिवाय तळाच्या सांध्यालगत बारीक चकाकणाऱ्या चिरा दिसतात. घाबरावे का?

फुगवट्याला घाबरू नका. या मापात तो अपेक्षित आहे, पहिल्या काही आठवड्यांत किंचित वाढून थांबतो. भिंतीला सरळ पट्टी लावून दर आठवड्याला मोजा. वाढ थांबली नाही तर चौकटीचा सांधा तपासा.

चिरांची गोष्ट वेगळी. आधी ते बुडबुडे तर नाहीत ना हे पाहा : बुडबुडा गोल असतो आणि सांध्याच्या आतच राहतो. सुटे बुडबुडे चालतात, आतून बाहेरपर्यंत सलग साखळी चालत नाही. चिरा मात्र सांध्यातून शीटच्या अंगात शिरतात आणि दिव्याचा कोन बदलला की चमकतात. तशा असतील तर आजच पाणी काढा. कारण बहुधा तीनांपैकी एक : एक्स्ट्रुडेड शीट, तापलेली कड, किंवा अमोनिया वा अल्कोहोल असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाने केलेली सफाई. चिरा भरून निघत नाहीत, तो तुकडा बदलावाच लागतो.

आणखी एक शक्यता तपासा. तळाखाली १८ मिमीचे सपाट प्लायवूड पूर्ण क्षेत्रफळाला टेकलेले आहे का, पाणसळ दोन्ही दिशांना बरोबर आहे का? एका कोपऱ्याखाली राहिलेला खडाही पुरतो. पुढच्या वेळी शेवटच्या सांध्यानंतर निदान एक आठवडा थांबा, मग टाकी तीन टप्प्यांत भरा आणि प्रत्येक टप्प्याला २४ तास द्या. खाली वर्तमानपत्र अंथरले की एक थेंबही लपत नाही.

प्रश्न : पाइपसाठी भोक पाडताना शीट चिरले.

साधा ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकला ओढून घेतो, तिथेच कपचा निघतो. होल-सॉ वापरा, गती कमी, वर पाण्याची धार, मागे लाकडाचा तुकडा. भोकाची कड शीटच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाइतकी आत हवी. पाइपच्या जोडणीचा रबरी वॉशर फ्लँजच्या (रुंद कडेच्या) बाजूला बसवा, नट हाताने आवळा आणि वर फक्त पाव फेरा.

प्रश्न : आतून ओरखडे पडले आहेत. टाकी रिकामी न करता निघतील का?

उथळ असतील तर निघतात. पाण्याखाली वापरता येणारा बारीक घासणीचा संच, १५०० पासून १२००० पर्यंत, क्रमाने आणि प्रत्येक टप्प्यात आधीच्या रेघांना आडवा हात मारून. ओरखड्यापुरते न घासता तळहाताएवढा भाग घ्या, नाहीतर तिथे खळगा होऊन मासा वाकडा दिसतो. चुंबकी ब्रश वाळूच्या पातळीपासून पाच सेंमी वरच थांबवा. त्यात अडकलेला एक कणही पूर्ण भिंतभर रेघ ओढतो.