पहिली एकादशी धरताना
एकादशी धरतेयस हे ऐकून फार बरं वाटलं गं. फक्त दिवसभर साबुदाण्यावर राहू नकोस. तो जवळजवळ नुसता स्टार्च. पोटभर खिचडी खाल्ली की सुस्ती येते आणि हरिपाठाला बसल्यावर डोळे मिटतात. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दही, मूठभर शेंगदाणे खा. मधूनमधून ताक घे. भगर मात्र बंद पाकिटातली, तारीख बघूनच आण आणि निवडून, धुऊन शिजव. सुटी, जुनी भगर किंवा तिचं तयार पीठ नकोच. दमट हवेत बुरशी धरते आणि विषबाधा होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि विठोबाला तुझे हाल नको आहेत. द्वादशीला सकाळी मऊ वरणभातानं पारणं कर, तळलेलं त्या दिवशी राहू दे.