ऑफिसनंतर फोन बंद ठेवायचा कायदा खरंच येतोय का?

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहतो, ऑफिस बीकेसीला. मागे डिसेंबरमध्ये आमच्या ग्रुपवर मेसेज फिरला की ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन नाही घेतला तरी चालणार, संसदेत तसा कायदा आलाय. मी त्याच भरवशावर रात्री साडेदहाचा फोन कट केला, सकाळी काय ऐकावं लागलं ते जाऊदे. आता आमच्यात पैजा लागतात की कुठलं बिल पास होणार, हरला त्याने सगळ्यांना वडापाव. मी दोनदा हरलोय. हे आधीच ओळखता येतं का?

उत्तर : अरे बाबा, कायदा होईपर्यंत फोन उचलत जा. बिल आलं होतं हे खरंय, पण आलं म्हणजे मांडलं एवढंच. सुप्रिया सुळेंनी ते २०१८ ला मांडलेलं आणि डिसेंबर २०२५ ला परत मांडलं. तुमच्या मेसेजमध्ये गाळलेली गोष्ट ही की ते अशासकीय विधेयक आहे, म्हणजे खासदाराने स्वतःच्या नावाने आणलेलं, सरकारने नाही. अशा बिलांना सहसा शुक्रवारची दुपार मिळते, आणि शुक्रवारी दुपारी कुठल्याही ऑफिसात कामाचा जोर किती असतो ते तुला मी काय सांगू. स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत अशी फक्त १४ बिलं कायदा झालीत, त्यातलं शेवटचं १९७० ला. त्यामुळे पैज लावताना बिलात काय लिहिलंय ते नंतर वाच, आधी बघ आणलंय कोणी. मंत्री नसेल तर डोळे झाकून 'नाही' म्हण आणि वडापाव खा.

पण ती बिलं फुकट जातात असं मात्र नाही हं. आपल्या कोकणातले खासदार बॅरिस्टर नाथ पै, त्यांनी १९६७ ला गोलकनाथ निकालानंतर (संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं होतं) बिल मांडलं की मूलभूत हक्कांसकट घटना दुरुस्त करायचा अधिकार संसदेला असावा. ते पास झालं नाही, जानेवारी १९७१ ला नाथ पै वारले, आणि त्याच वर्षी सरकारने तीच कल्पना २४वी घटनादुरुस्ती म्हणून आणली आणि पास केली. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासदार तिरुची शिवांचं बिल राज्यसभेने २०१५ ला मंजूर केलं, लोकसभेत अडकलं, नंतर सरकारने २०१९ ला स्वतःचा वेगळा कायदा केला. तुमच्या फोनचं पण झालंच तर असं होईल, दुसऱ्याच दाराने आणि बहुतेक दुसऱ्याच रूपात.

आता सरकारी बिल. लोकसभेत बहुमत असतं म्हणून तर ते सरकार असतं, त्यामुळे 'पास होणार' असं म्हणून जिंकण्यात काही हुशारी नाही, अशी पैज घेणाराच वेडा. खरी पैज 'कधी'ची लावा, मजा तिथे आहे. ऑनलाइन गेमिंगचं बिल, पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आणणारं, २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी पास, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, तुमच्या ग्रुपवरच्या टीम लावणाऱ्यांना विचार, त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही. याउलट डेटा संरक्षणाचं बिल २०१९ ला आलं, दोन्ही सभागृहांच्या खासदारांच्या संयुक्त समितीत गेलं, २०२२ ला सरकारने मागेच घेतलं आणि २०२३ ला नवीनच लिहून पास केलं. म्हणजे समितीकडे गेलं की लांबणार असं धरून चाल. आदल्या दिवशी निघणारी कामकाजाची यादी बघायची सवय लाव, तिथे नुसतं मांडण्यासाठी लिहिलंय की विचार आणि मंजुरीसाठी, यावर बरंच कळतं.

घटनादुरुस्ती असेल तर मात्र गणित कर. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, शिवाय एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त. 'एक देश एक निवडणूक'चं बिल १७ डिसेंबर २०२४ ला मांडतानाच मतदान झालं, २६९ विरुद्ध १९८. मांडायला साधं बहुमत पुरतं म्हणून ते मांडलं गेलं, पण पास करायचं असतं तर त्याच ४६७ मतांत ३१२ लागली असती, ४३ कमी. पैज लावणाऱ्याला याहून सरळ इशारा कोण देणार?

आणि निवडणूक जवळ आली की सांभाळून. लोकसभा विसर्जित झाली की तिथलं अडकलेलं बिल मरतं. महिला आरक्षण १९९६ पासून किती वेळा आलं, २०१० ला राज्यसभेने पास पण केलं, २०१४ ला लोकसभेबरोबर गेलं, आणि २०२३ ला आलं तेव्हा लोकसभेत ४५४ विरुद्ध २. तरी लागू व्हायला त्यात अट आहेच, आधी जनगणना मग मतदारसंघांची फेररचना. कामगार संहिता पण २०१९-२० मध्ये पास झाल्या आणि लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणून पैज लावतानाच ठरवून घ्या की 'पास' म्हणजे पास की लागू, नाहीतर वडापाववरून भांडणं होतील.

प्रश्न : दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींनी सहीच केली नाही तर? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : काका, असं झालंय. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक, लोकांची पत्रं उघडायची मोकळीक सरकारला देणारं. तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही पण केली नाही आणि परत पण पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, कारण घटनेत मुदतच दिलेली नाही. ते कायदा कधी झालंच नाही. घटनादुरुस्तीच्या बिलाला मात्र असं बसवून ठेवता येत नाही, तिथे राष्ट्रपतींनी संमती द्यायचीच, आणि हे ज्या दुरुस्तीने ठरलं ती वर सांगितलेली १९७१ ची २४वीच.