एकच जंतू, मग मरतूक आमच्याकडेच का?

प्रश्न : कागलजवळ आमचं वराहपालन आहे. दूध तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पिल्लं आडवी पडून पाय झाडतात, काहींचे सांधे सुजतात. नाकाच्या स्वॅबमध्ये ‘स्ट्रेप्टोकोकस सुइस’ निघाला. शेजारच्या गावातल्या फार्मवरही तोच निघाला, पण तिथं मरतूक नाही. असं कसं? त्यांच्याकडून माद्या आणल्या तर चालेल का?
– एक वराहपालक, ता. कागल

उत्तर : माद्या आत्ता आणू नका. कारण सांगतो.

हा जंतू बहुतेक धडधाकट डुकरांच्याही नाकात आणि टॉन्सिलमध्ये असतोच. त्यामुळं नाकाच्या स्वॅबवरून पिल्लं कशानं मेली ते कळत नाही. नमुना मेंदूच्या आवरणावरचा किंवा सुजलेल्या सांध्यातला हवा. अशा पिल्लाचा मागचा सांधा उघडला की पिवळट, गढूळ पाणी आणि त्यात दह्याच्या कवडीसारखे तुकडे दिसतात. खरा गुन्हेगार तिथं सापडतो. इंजेक्शन न दिलेलं, नुकतंच मेलेलं पिल्लू बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथून नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. या जंतूचे आवरणावरून पूर्वी 35 प्रकार, म्हणजे सेरोटाइप, मोजत. काही वेगळ्या जातींचे निघाले, आता 29 धरतात. माणसांत आणि डुकरांत जास्त त्रास देतो तो बहुतेक करून 2 नंबरचा. पण 2 नंबरमध्येही सगळे सारखे नसतात! जनुकांवरून त्यांचे आणखी वंश पाडतात, त्यांना ‘एसटी’ (सिक्वेन्स टाइप) आणि नंबर देतात. उत्तर अमेरिकेत या सेरोटाइपचे एसटी 25 आणि एसटी 28 हे वंश बरेच आढळतात, ते तुलनेनं सौम्य. चीनच्या सिचुआन प्रांतात 2005 साली 38 माणसं दगावली, तिथं एसटी 7 होता. जहाल वंशांपैकी बऱ्याच जणांत पेशींना भोकं पाडणारं सुइलायसिन नावाचं विष असतं. सौम्य वंशांत बहुधा ते नसतं. शेजाऱ्याच्या आणि तुमच्या अहवालात नाव एकच आलं, म्हणून वंश एकच असेल असं नाही. दोन कळप मिसळले तर दोन्हीकडचे वंश एकत्र येतील, आणि आईकडून मिळालेलं संरक्षण भलत्याच वंशाविरुद्धचं असेल तर पिल्लं उघडी पडतील. लस न लागण्याचं कारणही हेच असतं.

अहवाल मागताना सेरोटाइप आणि कोणतं प्रतिजैविक चालतं, दोन्ही लिहून मागा. पेनिसिलिन गटाची औषधं बहुधा लागू पडतात, पण अंदाजानं खाद्यात टाकत बसू नका. दूध तोडताना पिल्लांची मिसळामिसळ टाळा, शेड कोरडी ठेवा. पावसाळ्यात ओली फरशी आणि कोंदट हवा हा आजार वाढवतात.

आणि मेलेलं पिल्लू हाताळताना हातमोजे घाला, विशेषतः हाताला जखम असेल तर. घरात कुणाला जोराचा ताप, मान आखडणं किंवा अचानक ऐकू कमी येणं असं झालं, तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेताच ‘आमच्याकडं डुकरं आहेत’ हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. या आजारात बहिरेपणा कायमचा राहू शकतो.