वाचक विचारतात : अखंड बोलणारा कुनो तोतोनो

तामुरा युमी यांच्या ‘मिस्तेरी तो इउ नाकारे’ या जपानी मंगा (चित्रकथा) मालिकेबद्दल बरीच पत्रं आली आहेत. इंग्रजीत ती ‘डोन्ट कॉल इट मिस्टरी’ या नावाने मिळते. कुरळ्या केसांचा, करीवर जीव असलेला आणि एकटा राहणारा विद्यार्थी कुनो तोतोनो हा तिचा नायक. ज्यांनी अजून वाचलेली नाही त्यांनीही हे सदर निर्धास्त वाचावं, गुन्हेगार कोण ते इथे कुठेही फोडलेलं नाही.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? प्रत्येक प्रकरण वेगळं असेल तर मधला एखादा खंड उचलून चालेल का?

उत्तर : पहिल्या खंडापासूनच सुरुवात करा. पहिली कथा २०१६ मध्ये शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या ‘मंथली फ्लावर्स’ मासिकात स्वतंत्र कथा म्हणून आली. मालिका त्यानंतर सुरू झाली आणि पहिला खंड जानेवारी २०१८ मध्ये निघाला. त्यामुळे ही पहिली कथा स्वतःपुरती पूर्ण आहे. ती वाचून मालिका आपल्याला झेपते की नाही ते ठरवता येतं. दुसरी कथा बसच्या अपहरणाची आहे आणि ती पहिल्या खंडात संपत नाही. तेव्हा पहिले दोन खंड एकत्रच हाताशी ठेवा. हिरोशिमातल्या वारसाहक्काचं प्रकरण दुसऱ्या खंडात सुरू होऊन चौथ्यात संपतं. इंग्रजी आवृत्तीत दोन-दोन खंड एका पुस्तकात बांधले आहेत, म्हणजे पहिलं जाड पुस्तक संपतं तेव्हा तुम्ही हिरोशिमातच अडकलेले असता.

मधला खंड मात्र उचलू नका. प्रकरणं वरवर सुटी वाटली तरी त्यांच्या खालून एक धागा जातो. काही पात्रांकडे राशिचिन्हांचे दागिने दिसतात. कोणाकडे कोणती रास आणि ती कोणत्या खंडात दिसली, एवढी नोंद वहीच्या एका पानावर ठेवलीत तरी पुढे फार उपयोग होतो.

पान उजवीकडून डावीकडे वाचायचं हे बहुतेकांना माहीत असतं. गडबड होते ती एकाच चौकटीतल्या संवादांच्या फुग्यांत. तिथेही वरचा उजवा फुगा आधी. या मालिकेत एकेका चौकटीत तीन-चार फुगे असतात. क्रम चुकला की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो, मग तोतोनो उगाच आगाऊ वाटू लागतो.

प्रश्न : नायक फार बोलतो. कचरा, बायका, मुलं, शाळा, कशावरही. ती पानं मी भराभर उलटली, तर शेवटी उकल अचानक आल्यासारखी वाटली. माझं काय चुकलं?

उत्तर : जी पानं उलटलीत, तपास तिथेच चालला होता. या मालिकेतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली कथा जवळजवळ पूर्णपणे पोलीस ठाण्यातल्या चौकशीच्या खोलीत घडते. वर्गातल्या एका मुलाचा खून झाला आहे आणि संशय तोतोनोवर आहे. त्याला घटनास्थळी जाता येत नाही, पुरावे बघता येत नाहीत, साक्षीदारांना भेटता येत नाही. नेहमीच्या गुप्तहेराकडे असतं ते भिंग, त्या पाऊलखुणा, तो मदतनीस, यातलं काहीच त्याच्याकडे नाही. आहेत ते फक्त समोर बसणारे पोलीस आणि त्यांच्या तोंडून निघणारे शब्द.

आता कचऱ्याचा प्रसंग पुन्हा काढून बघा. इकेमोतो या तरुण पोलिसाचं घरी बायकोशी जमेनासं झालंय. आपण तर कचरा टाकायला मदत करतो, असं त्याचं म्हणणं. तोतोनो विचारतो, म्हणजे नेमकं काय करता? दाराशी बांधून ठेवलेली पिशवी नेऊन टाकता? घरभरातल्या डब्यांतला कचरा गोळा करणं, तो वेगवेगळा करणं, ओल्या कचऱ्यातलं पाणी काढणं, मोरीची जाळी साफ करणं, नवी पिशवी लावणं, पिशव्या संपत आल्या का ते बघणं, हे सगळं मिळून कचरा टाकणं होतं, असं तो शांतपणे सांगतो. वाचताना हा निव्वळ संसाराचा सल्ला वाटतो. पण एका ओळखीच्या कामाचे तुकडे करून, त्यातला न दिसणारा भाग कोण करतं हे विचारण्याची त्याची ही सवयच आहे आणि खुनाच्या बाबतीतही तो तेच करतो. शिवाय या बोलण्यामुळे समोरचा माणूस सैल होतो. आपल्या घरातलं, आपल्या वरिष्ठांचं काहीबाही सहज बोलून जातो. तोतोनोला हवी असलेली माहिती त्या सहज बोललेल्या वाक्यांत असते.

तरुण पोलीस फुरोमित्सु हिच्याशी तो पुरुषांच्या गटात एकटी बाई असण्याबद्दल बोलतो, तेव्हाही हेच होतं. तुम्ही तिथे आहात म्हणूनच या पुरुषांना संगनमतानं काही वावगं करणं अवघड जातं, असा त्याचा मुद्दा. ती स्वतःच्या जागेकडे नव्यानं बघू लागते आणि वाचकालाही ठाण्यातलं प्रत्येक माणूस दुसऱ्याला कसं बघतं ते कळतं.

एक पद्धत सुचवतो. त्याचं लांब बोलणं सुरू झालं की त्याच्या फुग्यांबरोबर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याच्या चौकटी बघा. कोण चिडतं, कोण गप्प होतं, कोण विषय बदलतं. तामुरा तिथे पार्श्वभूमी बहुधा कोरी ठेवतात, नजर चेहऱ्यावरच जावी म्हणून. कथा संपली की लगेच मागे जाऊन फक्त या चौकटी पुन्हा बघा, उकल अचानक वाटणार नाही. उलट इतकं समोर होतं तरी कसं निसटलं, असं वाटेल.

आणि तोतोनो जे म्हणतो त्यातला एक विचार धरून ठेवा. घडलेली घटना एकच असते, पण प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. म्हणून ‘खोटं कोण बोलतंय’ या प्रश्नापाशी तो थांबत नाही, दोन माणसांना एकच गोष्ट वेगळी का दिसली ते शोधतो. या मालिकेवर आमचा जीव आहे तो यासाठीच.

प्रश्न : खुनाचा संशय असूनही पोलीस त्याला संध्याकाळी घरी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. हे पटत नाही.

उत्तर : इथे मालिका कायद्याला धरून आहे. तोतोनोला अटक झालेली नाही, पोलीस त्याला ‘स्वेच्छेने’ सोबत नेतात. जपानच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९८ प्रमाणे अटकेत नसलेला संशयित चौकशीला यायला नकार देऊ शकतो, किंवा येऊन कधीही उठून जाऊ शकतो. इच्छेविरुद्ध जबाब देण्याचं बंधन नाही, हे त्याला आधी सांगावंही लागतं. प्रत्यक्षात उठून जाणं किती कठीण असतं ते या कथेत छान दिसतं. दार उघडं असतं, पण समोरचे तिघे ज्या सुरात बोलतात त्यात उठायचं धाडस होत नाही.

पोलीस लगेच अटक का करत नाहीत, तेही समजून घ्या. अटक झाली की घड्याळ सुरू होतं. पोलिसांनी ४८ तासांच्या आत संशयिताला सरकारी वकिलाकडे पाठवायचं. सरकारी वकिलानं पुढच्या २४ तासांत न्यायाधीशाकडे कोठडी मागायची किंवा सोडून द्यायचं. कोठडी १० दिवसांची, ती साधारणपणे आणखी १० दिवस वाढवता येते. म्हणजे एका आरोपासाठी जास्तीत जास्त २३ दिवस. पुरावा पुरेसा नसताना अटक केली तर हे दिवस वाया जातात. म्हणून आधी ‘या, बसा, बोलू या’ असा मार्ग धरला जातो.

खोलीत वकील का दिसत नाही, असं दुसऱ्या एका पत्रात विचारलंय. संशयिताला वकील नेमता येतो, अटकेत असला तर त्याला भेटताही येतं. पण चौकशी चालू असताना वकील शेजारी बसेल असा हक्क जपानी कायदा देत नाही. त्यामुळे तोतोनो त्या टेबलाशी एकटा असतो आणि त्याचं बोलणं हेच त्याचं संरक्षण ठरतं.

प्रश्न : टीव्ही मालिका आधी बघावी की पुस्तक आधी वाचावं?

उत्तर : पुस्तक. फुजी टीव्हीवरची मालिका जानेवारी २०२२ पासून १२ भागांत दाखवली गेली, नायक सुदा मासाकी. त्यात हिरोशिमाचं प्रकरण वगळलं होतं. त्याचा स्वतंत्र चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये आला. मालिका संपवून चित्रपट पाहिलात तर पुस्तकातला क्रम उलटासुलटा होतो, कारण पुस्तकात हिरोशिमा बसच्या प्रकरणानंतर लगेच येतं. सुदांचं काम उत्तम आहे. मात्र पडद्यावर बोलण्याचा वेग त्यांचा असतो. एका वाक्यावर थांबून मागचं पान बघण्याची सोय तिथे नाही, आणि या कथेला ती लागते.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. चित्रं गोड दिसतात, देऊ का?

उत्तर : अजून नको. रक्तपात कमी दाखवला असला तरी मजकूर जड आहे. साखळी खून, मुलांचा छळ, आणि छळणाऱ्या आईवडिलांची घरं पेटवण्याचं एक अख्खं प्रकरण यात आहे. १५-१६ व्या वर्षी, आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसानं आधी वाचून, मग द्या. शोगाकुकान पुरस्कारही या मालिकेला सर्वसाधारण गटात मिळाला आहे, लहान मुलांच्या गटात नाही.

प्रश्न : मला मराठीत २४ पानांची अशीच बोलकी रहस्यकथा काढायची आहे. पानं मजकुरानं भरून जातात आणि मित्र म्हणतात, ‘वाचवत नाही’. काय करू?

उत्तर : दोन वेगळे दोष एकत्र झाले आहेत, एक लेखनातला आणि एक मांडणीतला.

लेखनातला आधी. उकल लिहून काढा, मग ती पटायला लागणारे दुवे मोजा. २४ पानांत तीन दुवे पुरेत, पाच झाले की कथा हिशेबाच्या वहीसारखी होते. प्रत्येक दुवा बोलण्यात पेरताना तीन गोष्टींच्या यादीत मधला ठेवा. वाचकाला पहिली आणि शेवटची गोष्ट लक्षात राहते, मधली निसटते. दुवा पेरला आणि वापरला यांत निदान सहा पानांचं अंतर हवं. त्याहून कमी असलं की वाचक उत्तर आधीच बोलून दाखवतो. आणि जी वस्तू महत्त्वाची आहे ती तिच्याबद्दल बोलणं होण्याआधी एकदा चित्रात दिसलीच पाहिजे, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि ते रास्तच आहे.

नायक प्रवचनकार होतो तो कोणी अडवत नाही म्हणून. त्याचं प्रत्येक लांब बोलणं समोरच्याच्या वाक्यातून निघालं पाहिजे, आणि ते संपल्यावर समोरच्यानं काहीतरी केलं पाहिजे. चिडणं, खुर्ची मागे सरकवणं, नवी माहिती देणं, काहीही. बोलण्याआधी आणि बोलण्यानंतर खोलीतली परिस्थिती तीच राहत असेल, तर ते बोलणं कितीही सुंदर असो, काढून टाका.

आता मांडणी. एका पानावर पाच ते सहा चौकटी, एका फुग्यात जास्तीत जास्त १२ ते १५ शब्द, पूर्ण पानावर ८० च्या आत. लांब वाक्य दोन फुग्यांत तोडा आणि मध्ये ऐकणाऱ्याची एक मुकी चौकट ठेवा. साधारण दर तिसरी चौकट ऐकणाऱ्याची असू द्या.

जपानी फुगे उभे आणि अरुंद असतात, कारण ती लिपी वरून खाली लिहिता येते. ते तसेच उचलले की देवनागरीत एका ओळीला एकच शब्द बसतो आणि वाचणारा धापा टाकतो. आपला फुगा आडवा, रुंद हवा, चार ओळींचा, ओळीत तीन-चार शब्द. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी किंवा रफार एकमेकांत अडकतात, आणि ‘वाचवत नाही’ यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. ‘केलं होतं’, ‘निघून गेला’ अशी जोडक्रियापदं दोन ओळींत तोडू नका.

ए-४ वर काढून ए-५ वर छापणार असाल तर सगळं ७१ टक्के होतं. साडेतीन मिलिमीटरचं अक्षर अडीच मिलिमीटर होईल, त्याहून लहान काढू नका. आधी एक पान लहान करून छापून बघा, मग बाकीची लिहा.

शेवटी पान उलटण्याचं. जपानी पुस्तक उजवीकडे बांधलेलं असतं, आपलं डावीकडे. आपल्याकडे पान उलटल्यावर आधी डावं, म्हणजे सम क्रमांकाचं पान दिसतं. म्हणून प्रश्न विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि धक्का सम पानाच्या पहिल्या चौकटीत. जपानी नमुना आरशासारखा उलटवून घेतलात तर हे आपोआप जुळतं, पण पात्रं डावखुरी होतात, शर्टाची बटणं उलट्या बाजूला जातात आणि घड्याळ चुकीच्या हातात येतं. रहस्यकथेत नेमकं हेच चालत नाही, तेव्हा चौकटींचा क्रम कागदावर नव्यानं मांडा.