फँटसी हॉकी लीगमध्ये खेळाडूचा करार वाढवताना किती पैसे आणि किती वर्षं द्यावीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एनएचएलवर (उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग) चालणारी १२ संघांची फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधून त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मोजायचे; प्रत्येक संघाला १०० मिलियनची कॅप, म्हणजे सगळ्या पगारांवरची मर्यादा, आणि मुदतवाढीची बोलणी कमिशनरशी, म्हणजे लीग चालवणाऱ्याशी, जो खेळाडूचा एजंट म्हणून समोर बसतो. तुमच्या तिघांचे करार संपत आलेत. एक २२ वर्षांचा सेंटर (मधला फॉरवर्ड), एक गेल्या मोसमात एकदम चमकलेला ३१ वर्षांचा विंगर (बाजूचा फॉरवर्ड), आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक.

मी टोरोंटोजवळ राहतो, आमच्या मराठी मित्रमंडळींच्या अशाच लीगमध्ये बरीच वर्षं खेळतोय. माझं मत ठाम आहे: आधी वर्षं ठरवा, मग भाव. बहुतेक जण उलटं करतात. वर्षाला ५ मिलियन की ६ यावर तासभर घासाघीस होते, आणि भाव ठरला की मुदत बोलता बोलता दिली जाते, 'चल, चार वर्षं कर' म्हणून. भावात चुकलात तर वर्षाला एखादं मिलियन जास्त जातं. पण ३१ वर्षांच्या माणसाला ६ च्या भावानं दोनऐवजी चार वर्षं दिलीत, तर १२ मिलियन त्याच्या तेहतिशी-चौतिशीवर अडकतात. फॉरवर्ड लोकांचे सगळ्यात जास्त पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) साधारण २४ ते २८ या वयात येतात. तिशी उलटल्यावरही काही जण टिकतात, पण ते गृहीत धरून लांबची मुदत देऊ नये.

याच कारणासाठी तुमच्या २२ वर्षांच्या सेंटरला मी नियमात बसेल तेवढी लांब मुदत देईन, आणि तीही आत्ताच. एनएचएलच्या न्यू जर्सी संघानं जॅक ह्यूजच्या बाबतीत काय केलं ते बघा. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यात आधी निवडलेला, पण पहिल्या मोसमात ६१ सामन्यांत २१ पॉइंट, दुसऱ्यात ५६ सामन्यांत ३१. एवढ्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला आठ वर्षांचा करार दिला, दर वर्षी ८ मिलियन. तेव्हा अनेकांना तो महाग वाटला. करार लागू झाला त्या पहिल्याच मोसमात, २०२२-२३ मध्ये, त्यानं ४३ गोल आणि ९९ पॉइंट केले. तोपर्यंत थांबले असते तर हाच आकडा कितीतरी वर गेला असता. पुढे दुखापतींमुळे त्याचे सामने बुडाले, लागोपाठ दोन मोसमांत तो ६२-६२ सामनेच खेळला, तरीही ८ मिलियनला तो स्वस्तच राहिला. कोवळ्या वयात लांब करार केला की दुखापतीची जोखीमसुद्धा त्या भावात सामावून जाते.

हे बोलणीत कसं मांडायचं? आमच्याकडचा एक सौदा सांगतो. एका मित्राकडे २१ वर्षांचा डिफेन्समन होता, दुसऱ्या पॉवर प्लेवर खेळणारा (समोरच्याचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना उतरवतात त्या दोन तुकड्यांपैकी दुसरीत), चाळिसाच्या आत पॉइंट. मोसम सुरू व्हायच्या आधीच त्यानं कमिशनरला एकाच मेसेजमध्ये दोन पर्याय पाठवले: 'दोन वर्षं, दर वर्षी ३. किंवा पाच वर्षं, दर वर्षी साडेचार. दोन्हीला आत्ता तयार आहे.' कमिशनर म्हणाला, 'अरे, तीन वर्षांनी हा पोरगा कुठल्या कुठे असेल, साडेपाच तरी लाव.' मित्राचं उत्तर: 'तो तिथे पोचेल की नाही याची जोखीम माझ्या डोक्यावर आहे. आजच्या खेळाला तीनच्या वर कोणी देणार नाही, मी पहिल्या दिवसापासून जास्त देतोय. पावणेपाच घे.' पावणेपाचला सौदा झाला.

यातली खुबी दोन पर्यायांत आहे. एकच आकडा पुढे केला की समोरचा 'हे कमी आहे' म्हणून मोकळा होतो. दोन ठेवले की तो कुठला बरा हे तोलायला लागतो, आणि दोन्ही तुम्हाला चालणारेच असतात. वेळही महत्त्वाची. सप्टेंबरच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये कोच कोणाला पहिल्या पॉवर प्लेवर उभा करतोय हे दिसायला लागतं. ती बातमी सगळ्यांपर्यंत पोचायच्या आत तुमचा मेसेज गेलेला हवा, कारण पॉवर प्लेची जागा बदलली की पोराचे पॉइंट आणि एजंटचा सूर दोन्ही चढतात.

आता विंगर. इथे मात्र हात आखडता घ्या. त्याचे गेल्या मोसमातले गोल बघण्याआधी किती शॉट मारून ते गोल आले ते बघा. एनएचएलमध्ये शंभर शॉटमागे साधारण दहा गोल होतात. चांगला नेमबाज बारा-पंधरापर्यंत टिकतो. त्याच्या आधीच्या तीन-चार मोसमांची सरासरी काढा. गेल्या मोसमाचा आकडा तिच्या खूप वर असेल, तर ते गोल परत येतील असं समजून पैसे देऊ नका. विल्यम कार्लसनचं उदाहरण माझ्या डोक्यात कायम असतं. २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून ६ गोल, आणि पुढच्याच मोसमात नव्या व्हेगास संघाकडून ४३! शॉट फक्त १८४, म्हणजे शंभरामागे २३ च्या वर. संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, फायनलला गेला, सगळं शहर त्याच्या नावाचा जयघोष करत होतं. तरी व्हेगासनं २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला एकाच वर्षाचा, सव्वापाच मिलियनचा करार दिला. पुढच्या मोसमात २४ गोल झाले. मग २०१९ मध्ये आठ वर्षांचा करार झाला, दर वर्षी ५.९ नं. ४३ गोलांच्या भावानं आठ वर्षं बांधून घेतली असती तर काय झालं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा. तुमच्या विंगरलाही एक वर्षच द्या. एजंट फार ताणायला लागला तर एका वर्षापुरता भाव चढवा, पण दुसरं वर्ष देऊ नका.

संघ बदललेला असेल तर आणखी सावध. जोनाथन ह्युबर्डोनं २०२१-२२ मध्ये फ्लोरिडाकडून ११५ पॉइंट केले. जुलैमध्ये त्याला कॅलगरीला ट्रेड केलं आणि तिथे एकही सामना न खेळता ऑगस्टमध्ये आठ वर्षांची मुदतवाढ मिळाली, दर वर्षी साडेदहा मिलियन. पहिल्या मोसमात ५५ पॉइंट, दुसऱ्यात ५२. माणूस तोच होता, पण लाइनमधले सोबती, कोच, खेळाची पद्धत सगळं बदललं होतं. फँटसीत आपण विकत घेतो ती त्या माणसाची जागासुद्धा असते.

भाव काढायची माझी पद्धत साधी आहे. तुमच्या लीगमध्ये वेव्हरवर, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्यांतून, फुकटात मिळणारा फॉरवर्ड किती पॉइंट करतो? समजा ४५. मग ७० पॉइंटच्या विंगरमधले २५ च पैसे देण्याजोगे आहेत. २० जणांचा संघ आणि किमान पगार १ मिलियन धरला, तर प्रत्येकाकडे ८० मिलियन मोकळे, १२ संघांचे मिळून ९६०. सगळ्या संघांतल्या खेळाडूंचे असे वरचे पॉइंट मिळून समजा ४८०० भरले, तर एका पॉइंटला ०.२ मिलियन पडतात. २५ पॉइंटचे ५, अधिक किमान पगार १, एकूण ६. ही वरची मर्यादा, सुरुवात याच्या खालून करायची. आणि पॉइंट घेताना गेल्या मोसमाचे घेऊ नका, पुढच्या मोसमात तुम्हाला जेवढे अपेक्षित आहेत तेवढेच घ्या.

एजंट एक गोष्ट हमखास करेल: खऱ्या एनएचएल करारांचे आकडे तोंडावर फेकेल. त्यांना थेट उत्तर देऊ नका, टक्केवारीत बदला. कोलोराडोच्या नेथन मॅकिननचा वर्षाला १२.६ मिलियनचा करार २०२३-२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कॅप ८३.५ होती, म्हणजे १५ टक्के. २०२५-२६ ला कॅप ९५.५ झाली आणि २०२६-२७ साठी १०४ जाहीर झालेली आहे. तेच १२.६ तेव्हा १२ टक्क्यांवर येतात. तुमची कॅप १०० वरच अडलेली असेल तर एनएचएलमध्ये दर उन्हाळ्यात फुगणाऱ्या नव्या करारांशी तुमच्या खेळाडूची तुलनाच होऊ शकत नाही, आणि हे कमिशनरला स्पष्ट सांगा. शिवाय खरा संघ बचावाचेही पैसे देतो. कॅरोलायना आपल्या डिफेन्समन जेकब स्लेविनला वर्षाला सुमारे ६.४ मिलियन देते ते योग्यच आहे, पण फक्त गोल-असिस्ट मोजणाऱ्या लीगमध्ये तेवढे कोणी का द्यावेत?

गोलीला दोन वर्षांच्या वर कधीच नाही. त्याच्यापुढे खेळणारा संघ ढासळला की चांगल्यातला चांगला गोलीही ढासळतो, आणि एका मोसमात पहिल्या क्रमांकावरचा पुढच्या मोसमात बाकावर दिसतो. त्याची बोलणी शेवटी ठेवा, सेंटर आणि विंगर झाल्यावर जे उरेल त्यातून.

दोन गोष्टी कळल्या तर आकडे आणखी नेमके सांगता येतील: तुमच्याकडे हिट (अंगानं दिलेली धडक) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) मोजतात का, आणि करार मध्येच तोडला तर उरलेल्या रकमेतला किती भाग कॅपमध्ये राहतो? आमच्याकडे अर्धा राहतो. तुमच्याकडे काहीच राहत नसेल, तर सेंटरला सगळ्यात लांब मुदत देताना क्षणभरही थांबू नका.